अनाथ कुणाला म्हणायचं?

मी कवी माणूस. शब्द चुकीच्या जागी पडला की घासातल्या खड्यासारखा लागतो. ऑक्टोबर २००६ मध्ये असाच एक शब्द लागला. पॉप गायिका मॅडोना हिनं आफ्रिकेतल्या मलावी देशातून वर्षभराचं एक मूल दत्तक घ्यायला आणलं आणि 'अनाथ बाळ' म्हणून ते जगभरच्या बातम्यांत झळकलं. डेव्हिड त्याचं नाव. जन्मानंतर लवकरच त्याची आई गेली होती; पण वडील हयात होते. गरिबीमुळे त्यांनी लेकराला अनाथालयात ठेवलं होतं.

युनिसेफच्या मोजणीत आई किंवा वडील, एक जरी गेले तरी मूल 'ऑर्फन' ठरतं. मराठीत येताना त्याचं सरळ 'अनाथ' होतं, म्हणजे ज्याला कुणीच नाही असा. आमच्या घरात 'यतीम' म्हणतात ते ज्याचा बाप गेला त्याला. त्या अर्थानं डेव्हिड यतीमही नव्हता.

पत्रकार वडिलांपर्यंत पोचले, तेव्हा लेक कायमचा दुसऱ्याचा होणार हे आपल्याला नीट कळलंच नव्हतं, असं ते म्हणाले. पुढं काही दिवसांतच, आपला विरोध नाही, असंही म्हणाले. या दोन वाक्यांमधली बापाची तगमग बातमीत मावली नाही. मॅडोना ओप्रा विन्फ्रे यांच्या कार्यक्रमात बोलली. कुणी तिला दयाळू म्हटलं, कुणी पैशाच्या जोरावर मूल नेणारी म्हटलं. गोष्ट मात्र दोन्हीकडे तिचीच राहिली.

हे नवं नव्हे. पॅरिस गाजवणारी कृष्णवर्णीय कलावती जोसेफिन बेकर मूळची अमेरिकेची. वर्णद्वेषाचे चटके तिनं सोसले होते. वेगवेगळ्या वंशांची, धर्मांची मुलं एका छपराखाली भावंडं म्हणून वाढू शकतात, हे तिला जगाला दाखवायचं होतं. १९५४ पासून तिनं १२ मुलं दत्तक घेतली. हेतू उदात्तच, पण दाखवायचं म्हटलं की बघे आलेच. फ्रान्समधल्या मिलांदच्या तिच्या वाड्यावर पर्यटक पैसे मोजून येत आणि ही मुलं पाहत. पुढं कर्जापायी तो वाडाही गेला.

प्रसिद्धीचा झोत नेहमी वाईटच, असं मात्र नाही. भारतीय मुलं परदेशी दत्तक देण्यातले गैरप्रकार एका परदेशी नियतकालिकानं उघड केले. त्या वृत्ताच्या आधारे वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं. १९८४ च्या निकालानं सांगितलं, आधी देशातच घर शोधा. जन्मदात्यांना दत्तकाचा अर्थ समजावून सांगा आणि फेरविचारासाठी सुमारे तीन महिने द्या. मलावीतल्या त्या बापाला नेमकं हेच हवं होतं. तिथल्या न्यायाधीश एस्मी चोंबो यांनी २००९ मध्ये मॅडोनाला दुसरं मूल द्यायला नकार दिला. रहिवासाची अट सैल केली, तर मुलांच्या व्यापाराला वाट मिळेल, ही त्यांची भीती होती. दोनच महिन्यांत वरच्या न्यायालयानं तो निकाल फिरवला.

लहानपणी ऐकलेली जैद यांची हकीकत मला आठवते. पैगंबरांनी त्यांना मुलगा मानलं, तेव्हा लोक त्यांना 'मुहम्मद यांचा मुलगा' म्हणू लागले. पुढं त्यांना जन्मदात्याचं, हारिसा यांचं नाव परत मिळालं. माया तीच राहिली, नाव मात्र पुसलं गेलं नाही. परक्या लेकराला जीव लावणं फार मोठं काम आहे, मग ते गायिकेनं करो की शेजारणीनं. त्यासाठी त्याच्या बापाला बातमीत मारून टाकायची गरज नसते.

डेव्हिड आता तरुण आहे. जग त्याला ओळखतं ते डेव्हिड बांदा म्हणून. बांदा हे त्याच्या वडिलांचं आडनाव.