संगणक विषाणू व घरगुती संगणकाची सुरक्षितता

संगणकातील इतर आज्ञावलींना किंवा चकतीच्या आरंभविभागाला चिकटून स्वतःच्या प्रती निर्माण करणाऱ्या व वापरणाऱ्याच्या नकळत पसरणाऱ्या आज्ञावलीस संगणक विषाणू म्हणतात. रोगकारक विषाणूला वाढीसाठी जिवंत कोशिकेची गरज असते. त्याप्रमाणे संगणक विषाणूलाही आश्रयी आज्ञावलीची गरज असते. ती आज्ञावली चालविली गेली म्हणजे विषाणू कार्यप्रवण होतो. हे साम्य येथेच संपते. संगणक विषाणू निसर्गात उद्‌भवत नाही; तो कोणीतरी हेतुपूर्वक लिहिलेला असतो. म्हणून त्याचा इतिहास हा तंत्रविद्येचा जितका, तितकाच मानवी हेतूंचाही इतिहास आहे.

व्यवहारात ‘व्हायरस’ हा शब्द सर्वच उपद्रवी आज्ञावलींना लावला जातो. तथापि त्यांत भेद आहेत. आश्रयाविना जालकातून स्वतःच एका संगणकातून दुसऱ्यात जाणाऱ्या आज्ञावलीस ‘वर्म’ म्हणजे कृमी म्हणतात. उपयुक्त असल्याचे सोंग घेऊन आत शिरणारी, पण स्वतःच्या प्रती न काढणारी आज्ञावली ‘ट्रोजन’ या नावाने ओळखली जाते. संगणकातील माहिती कूटबद्ध करून ती सोडविण्यासाठी पैसे मागणारी ‘रॅन्समवेअर’ म्हणजे खंडणीखोर आज्ञावली होय. या सर्वांना मिळून ‘मालवेअर’ अशी संज्ञा आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी : स्वतःची प्रतिकृती निर्माण करणारे यंत्र तर्कदृष्ट्या शक्य आहे, असे गणितज्ञ जॉन फॉन नॉयमान यांनी १९४९ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील व्याख्यानांत मांडले. त्यांच्या मृत्यूनंतर हे लेखन आर्थर बर्क्स यांनी पूर्ण करून १९६६ मध्ये प्रसिद्ध केले. १९७१ मध्ये बॉब टॉमस यांनी ‘क्रीपर’ ही आज्ञावली लिहिली. आर्पानेट जालकावरील एका संगणकावरून दुसऱ्यावर जाऊन ती केवळ एक संदेश दाखवीत असे. तिचा पाठलाग करून तिला पुसून टाकणारी ‘रीपर’ ही आज्ञावली रे टॉमलिन्सन यांनी तयार केली. उपद्रव व उपचार यांची जोडी अशा रीतीने आरंभापासूनच दिसते.

विषाणू ही संज्ञा शास्त्रीय अर्थाने रूढ करण्याचे श्रेय फ्रेड कोहेन यांना दिले जाते. १९८३ मध्ये त्यांनी अशी आज्ञावली प्रत्यक्ष चालवून दाखविली. हे नाव त्यांचे मार्गदर्शक लेनर्ड अ‍ॅडलमन यांनी सुचविले होते. एखादी आज्ञावली विषाणू आहे की नाही, हे प्रत्येक वेळी अचूक सांगू शकेल अशी सर्वसामान्य रीत असूच शकत नाही, हेही कोहेन यांनी सिद्ध केले. कोणतीही प्रतिविषाणू आज्ञावली संपूर्ण संरक्षणाची हमी देऊ शकत नाही, यामागे हे तार्किक कारण आहे.

प्रारंभीचे विषाणू : १९८२ मध्ये रिच स्क्रेंटा या पंधरा वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने अ‍ॅपल–२ संगणकासाठी ‘एल्क क्लोनर’ हा विषाणू गंमत म्हणून लिहिला. तो फ्लॉपीतून पसरे व दर पन्नासाव्या वेळी पडद्यावर एक पद्य दाखवी. आयबीएम जातीच्या व्यक्तिगत संगणकांवरील पहिला विषाणू ‘ब्रेन’ हा होय (१९८६). तो लाहोर येथील बासित व अमजद फारूक अल्वी या बंधूंनी लिहिला. आपल्या वैद्यकीय आज्ञावलीच्या चोरट्या प्रती काढणाऱ्यांना धडा मिळावा हा आपला हेतू होता, असे त्यांनी सांगितले. विषाणूत त्यांची नावे, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही होते. पुढे तो परदेशांत पोहोचला. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत सुटलेल्या मॉरिस कृमीने काही हजार संगणक ठप्प केले. त्यानंतर त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आणीबाणीसाठी पहिले प्रतिसाद पथक स्थापन झाले.

भारतातील आरंभ : १९९० मध्ये भारतात ‘जोशी’ या नावाचा विषाणू आढळला. महाराष्ट्राच्या परिचयाचे हे आडनाव धारण करणारा हा विषाणू पुढे जगभर पसरला. फ्लॉपीचा आरंभविभाग आणि हार्ड डिस्कचा विभाजन-तक्ता यांत तो ठाण मांडी. दरवर्षी ५ जानेवारीस तो संगणक अडवून धरी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ हे शब्द टंकलिखित करण्यास सांगे. ते टंकलिखित केल्यावरच काम पुढे सुरू होई. हा प्रकार विनोदी वाटला, तरी विषाणूची रचना चतुर होती. आपण बसलेल्या जागेची तपासणी होऊ लागली की मूळचा निर्दोष आरंभविभाग दाखवून तो स्वतःला लपवीत असे. तीन कळा एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू केला, तरी तो स्मृतीत टिकून राही. विद्युत् पुरवठा पूर्णपणे बंद करून व निर्दोष फ्लॉपीवरून संगणक सुरू करूनच त्याला काढावे लागे. संशयित यंत्रालाच त्याच्या प्रकृतीविषयी विचारू नये, हा त्यातून मिळालेला धडा आजही खरा आहे.

त्या काळी भारतात संगणकाच्या आज्ञावली विकत घेण्यापेक्षा फ्लॉपीवर नकलून घेण्याची प्रथा फार होती. कार्यालय, शिकवणी वर्ग व घर यांमध्ये त्याच फ्लॉपी फिरत आणि विषाणूही त्यांच्याबरोबर फिरत. या परिस्थितीतून पुण्यात एक स्वदेशी उद्योग उभा राहिला. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर हे गणकयंत्रांची दुरुस्ती करीत करीत संगणकदुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीस येणाऱ्या अनेक यंत्रांत बिघाडाचे कारण विषाणू हेच असल्याचे दिसून आल्यावर, संगणकशास्त्राचे शिक्षण घेत असलेले त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी ते काढण्याची आज्ञावली लिहिली. तीच पुढे ‘क्विक हील’ या नावाने देशभर विकली जाऊ लागली. २०१६ मध्ये या कंपनीच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली.

जालकाच्या युगातील प्रसार : आंतरजालाच्या प्रसाराबरोबर फ्लॉपीची जागा विपत्राने घेतली. २६ एप्रिल १९९९ रोजी कार्यप्रवण झालेल्या ‘सीआयएच’ अथवा ‘चेर्नोबिल’ या तैवानमधील विषाणूने आशियातील पुष्कळ संगणकांच्या हार्ड डिस्कवरील माहिती नष्ट केली व काहींच्या मूळ चिपमधील मजकूरही पुसला. ४ मे २००० रोजी फिलिपीन्समधून प्रेमपत्राच्या मिषाने सुटलेली कृमी विपत्राच्या जोडपत्रातून काही तासांत जगभर गेली. तिच्या कर्त्यावर खटला चालू शकला नाही. कारण त्या देशात तेव्हा असा कायदाच नव्हता.

महाराष्ट्राच्या लहान गावांत घरोघरी संगणक पोहोचला तो मुख्यतः २००० नंतर. तेथे बराच काळ प्रसाराचे मुख्य साधन होते ते पेन ड्राइव्ह. छायाचित्रांचा स्टुडिओ, झेरॉक्सचे दुकान व सायबर कॅफे येथून आलेल्या पेन ड्राइव्हमधील विषाणू, ती जोडताच आपोआप चालू होण्याच्या विंडोजमधील सोयीचा फायदा घेत. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही सोय सुधारणेद्वारे बहुतांशी बंद केली.

खंडणीखोर आज्ञावली व आर्थिक गुन्हे : पहिल्या पिढीतील विषाणूंमागे बहुधा कुतूहल वा खोडसाळपणा असे, पुढे त्याची जागा धनलोभाने घेतली. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ ही खंडणीखोर कृमी सुमारे १५० देशांत पसरली. ज्या दोषातून ती शिरली, तो दूर करणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच उपलब्ध केली होती. ज्यांनी ती वेळेवर घेतली होती, ते बचावले. त्यानंतर दीड महिन्याने, २७ जून रोजी, युक्रेनमधील एका हिशेबी आज्ञावलीच्या सुधारणेतून ‘नॉटपेट्या’ पसरली. तिचा तडाखा महाराष्ट्रालाही बसला : न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. मर्स्कच्या जगभरच्या जालकाची मूळ निर्देशिका सर्वत्र नष्ट झाली होती. केवळ घानामधील एक प्रत वाचली, कारण वीज गेल्यामुळे तो संगणक त्या वेळी जालकापासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून सारी यंत्रणा पुन्हा उभारण्यात आली.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत मालवेअर शिरवून सुमारे ९४ कोटी रुपये लुबाडण्यात आले. एटीएम केंद्रांकडून येणाऱ्या मागण्यांना बँकेऐवजी एक बनावट यंत्रणा मंजुरी देऊ लागली आणि नकली कार्डांवर २८ देशांतून रोकड काढली गेली. आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्यात वळविण्यात आले. संगणकातील दोष हा केवळ यंत्राचा बिघाड नसून ठेवींच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, हे या घटनेने सर्वसामान्यांना जाणवले.

कायदा व संस्था : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला. त्याच्या कलम ४३ मध्ये संगणक विषाणूची व्याख्या असून तो दुसऱ्याच्या संगणकात शिरविणाऱ्यास भरपाई देण्यास जबाबदार धरले आहे. २००८ च्या सुधारणेनुसार असे कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘सर्ट-इन’ हे राष्ट्रीय प्रतिसाद पथक २००४ पासून कार्यरत आहे. बाधित संगणक स्वच्छ करण्याची साधने नागरिकांना विनामूल्य देण्यासाठी फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू झाले. आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या दूरध्वनी क्रमांकावर नोंदविता येते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरविले जात असल्यामुळे ही तक्रार तत्काळ करणे महत्त्वाचे असते.

लक्षणे व उपचार : संगणक अकारण मंद होणे, न्याहाळकाचे मुखपृष्ठ आपोआप बदलणे, अनाहूत जाहिराती दिसणे, प्रतिविषाणू आज्ञावली बंद पडणे आणि धारिकांची नावे वा विस्तार बदलणे ही बाधेची सामान्य लक्षणे होत. मात्र मंदपणा जुनी हार्ड डिस्क किंवा अपुरी स्मृती यांमुळेही येतो. तेवढ्यावरून निदान करू नये. तसेच ‘आपल्या संगणकात विषाणू सापडला आहे, या क्रमांकावर दूरध्वनी करा’ असा पडद्यावर झळकणारा संदेश ही बहुधा स्वतःच एक फसवणूक असते.

बाधेचा संशय आल्यास प्रथम संगणक आंतरजालापासून तोडावा व बाहेरच्या चकत्या काढून घ्याव्यात. त्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत. परवलीचे शब्द दुसऱ्या निर्दोष यंत्रावरून बदलावेत. त्यानंतर बाहेरच्या निर्दोष साधनावरून संगणक सुरू करून तपासणी करावी. बाधा खोलवर असल्यास चकती पुसून परिचालन प्रणाली नव्याने बसविणे हाच खात्रीचा मार्ग होय. खंडणी दिल्याने माहिती परत मिळेलच असे नाही. काही खंडणीखोर आज्ञावलींच्या किल्ल्या, युरोपोल, नेदरलंड्‌सचे पोलीस व सुरक्षा कंपन्या यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोर रॅन्सम’ प्रकल्पात विनामूल्य मिळतात. म्हणून कूटबद्ध झालेल्या धारिका टाकून देऊ नयेत.

प्रतिबंधक उपाय : घरगुती संगणकाच्या संरक्षणाचा मुख्य भाग खर्चाचा नसून सवयीचा आहे. परिचालन प्रणालीच्या सुधारणा आपोआप येऊ द्याव्यात. ज्या प्रणालीचा पुरवठा संपला आहे, तिच्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत, उदा., विंडोज ७ चा पुरवठा जानेवारी २०२० मध्ये, तर विंडोज १० चा सर्वसाधारण पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोजबरोबर येणारी प्रतिविषाणू आज्ञावली चालू ठेवल्यास बहुतेक घरांना पुरते. एकाच वेळी दोन बसविल्यास त्या परस्परांना अडथळा करतात. रोजच्या कामासाठी प्रशासकाचे खाते वापरू नये. चोरट्या आज्ञावली व त्यांच्या ‘किल्ल्या’ यांतूनच पुष्कळदा ट्रोजन येतात. वायफाय यंत्राचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदलावा. प्रत्येक खात्यास स्वतंत्र परवलीचा शब्द व दुहेरी पडताळणी असावी. अलीकडे लग्नपत्रिका किंवा वाहनाचा दंड यांच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या ‘एपीके’ धारिका भ्रमणध्वनीत शिरून बँकेचे संदेश चोरतात. पत्रिका ओळखीच्या माणसाकडून आली, तरी त्याचाच भ्रमणध्वनी बाधित असू शकतो. म्हणून ती उघडण्यापूर्वी त्यास विचारून खात्री करावी.

सर्व उपाय फसले, तरी उपयोगी पडते ती राखीव प्रत. या बाबतीत चिपळूणचा अनुभव बोलका आहे. वाशिष्ठी नदीकाठच्या या शहरात २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ रोजी महापूर आले. बाजारपेठ व सखल भागातील घरे पाण्याखाली जाऊन दप्तरे, हिशेबवह्या व संगणक यांचा नाश झाला. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर या ग्रंथालयालाही पुराचा फटका बसला. संगणकाशेजारच्या कपाटात ठेवलेली प्रत पुरात संगणकाबरोबरच बुडते आणि संगणकाला सतत जोडून ठेवलेली प्रत खंडणीखोर आज्ञावलीच्या हल्ल्यात संगणकाबरोबरच कूटबद्ध होते. आपत्ती भिन्न असल्या, तरी दोष एकच : मूळ व प्रत यांना एकाच संकटाच्या कक्षेत ठेवणे. म्हणून माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक परगावी किंवा दूरस्थ साठ्यात असावी, असा नियम सांगितला जातो. कोकणातील अनेक कुटुंबांचे आप्त मुंबई-पुण्यात असतात. सातबारा उतारे, खरेदीखते, प्रमाणपत्रे व कुटुंबाची छायाचित्रे यांची कूटबद्ध केलेली एक चकती त्यांच्याकडे ठेवणे सहज शक्य आहे. चकती काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवावी आणि तिच्यावरील माहिती खरोखर वाचता येते की नाही, हे वर्षातून दोनदा, विशेषतः पावसाळ्यापूर्वी, पडताळून पाहावे.