जुन्या चित्रकथांचा संग्रह : माळव्यातील मराठी वाचनाचा एक उपेक्षित दुवा

कोणत्याही जुन्या ग्रंथालयाची दाखलनोंदवही उघडली, तर एका पिढीने काय वाचले याचे बऱ्यापैकी स्पष्ट चित्र तीत उमटलेले दिसते. हरिभाऊ आपटे, नाथमाधव, फडके, खांडेकर ही नावे ओळीने येतात. त्याच पिढ्यांनी वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी काय वाचले, याचा पत्ता मात्र त्या वहीत क्वचितच लागतो. चित्रकथांचे अंक रीतसर दाखल करून घेण्याची पद्धत सहसा नव्हती. ते ग्रंथ नव्हते आणि रूढ अर्थाने मासिकही नव्हते. मुलांच्या मेजावर ते ठेवावेत, पाने सुटू लागली की गठ्ठा बांधून रद्दीत घालावेत, असा सर्वसाधारण रिवाज होता. जागेची आणि पैशाची चणचण पाहता त्यात वावगे काही नव्हते. परंतु त्यामुळे वाचनाच्या इतिहासातील पहिलाच अध्याय गहाळ झाला. शं. ग. दाते यांच्या मराठी नियतकालिकांच्या सूचीने १८०० ते १९५० हा कालखंड व्यापला. मराठी मुलांच्या हाती चित्रकथा मोठ्या प्रमाणावर आल्या त्या नेमक्या त्यानंतर.

धार आणि देवास यांच्या बाबतीत या अध्यायाला विशेष महत्त्व आहे. धारची गादी आणि देवासची थोरली व धाकटी पाती अशा पवारांच्या तीन घराण्यांच्या आश्रयाने अठराव्या शतकापासून अनेक मराठी कुटुंबे या गावांत स्थिरावली. १९४८ मध्ये संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ मध्ये हा भाग मध्य प्रदेशात आला. शाळा आणि कचेरी यांची भाषा हिंदी झाली. मराठी उरली ती स्वयंपाकघरात, देवघरात आणि ग्रंथालयात. अशा घरातील मुलाला देवनागरी लिपी येत असे, त्यामुळे मराठी अक्षरे त्याला परकी नव्हती. तो अडखळे तो शब्दांपाशी, क्रियापदांच्या रूपांपाशी आणि शालेय हिंदीत नसलेल्या ‘ळ’पाशी. त्याच्या हाती एकदम कादंबरी देऊन भागत नाही. चित्र पाहून प्रसंग कळतो आणि प्रसंग कळला की शब्द आपोआप उलगडतो; हे काम चित्रकथेने केले. महाराष्ट्रात जी केवळ करमणूक होती, ती येथे मातृभाषेची अंकलिपी ठरली.

या वाचनाचा पाया ‘चांदोबा’ने घातला. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू व तमिळ भाषांत हे मासिक सुरू केले. त्याची मराठी आवृत्ती १९५२ पासून निघू लागली. काटेकोर अर्थाने ‘चांदोबा’ला चित्रकथा म्हणता येणार नाही, कारण त्यात चौकटी आणि संवादाचे फुगे नसत. पण पानागणिक चित्र असे, आणि अनेकांच्या मनात मजकुराआधी ते चित्रच राहिले आहे. उपसलेली तलवार हाती घेऊन, खांद्यावर प्रेत टाकून निघालेला विक्रम राजा हे शंकर या चित्रकाराचे चित्र आठवत नाही, असा त्या पिढीतील वाचक विरळाच. माळव्यातील मुलाला त्यात आणखी एक गंमत होती. विक्रमाची उज्जयिनी देवासहून जेमतेम चाळीस किलोमीटरांवर. सिंहासनबत्तिशीतील सिंहासन ज्याला सापडते तो भोज राजा तर धारचाच. मद्रासला छापलेल्या मासिकात आपल्याच गावाच्या कथा वाचण्याचे भाग्य पुण्यामुंबईच्या मुलांच्या वाट्याला आले नव्हते.

दुसरा वेताळ पुढे आला. टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. पहिल्या अंकाची किंमत ६० पैसे होती. अमेरिकन लेखक ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला ‘फँटम’ हा तिचा प्रमुख नायक. मराठीत त्याला ‘वेताळ’ हे नाव मिळाले. प्रेताच्या अंगात शिरून कोडी घालणारा एक आणि कवटीच्या आकाराच्या गुहेत राहणारा, चाच्यांचा कर्दनकाळ असा दुसरा; असे दोन वेताळ एकाच दप्तरात सुखाने नांदत होते. हे नामकरण मोठे चतुर होते. परक्या नायकाला घरचे नाव मिळताच त्याचे परकेपण निम्मे सरले. मूळ कथेतील ‘बंगाला’ देशाचे नावही भारतीय आवृत्तीत ‘डेंकाली’ करण्यात आले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ आला आणि मालिकेला एतद्देशीय नायक लाभला. प्रारंभी मासिक असलेली ही मालिका १९६७ पासून पाक्षिक आणि १९८१ पासून साप्ताहिक झाली. १९९० मध्ये ती बंद पडली.

‘अमर चित्र कथा’ची हकीकत वाचकांना परिचित आहे, म्हणून येथे विस्तार नको. अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाउसच्या साह्याने ती उभी केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक अशा मराठी चित्रकारांचा तिच्यात मोठा वाटा आहे. मालिकेत ‘राजा भोज’ हाही अंक निघाला. धारच्या मराठी ग्रंथालयात तो नसावा, हे काही शोभणारे नाही.

हे अंक नाहीसे कसे झाले, याचे उत्तर त्यांच्या वापरातच आहे. एक अंक एका घरात कधी राहत नसे. तो वाड्यातून वाड्यात फिरे. उन्हाळ्याच्या सुटीत दिवसाला काही पैसे भाड्याने चित्रकथा देणारी दुकाने निघत. दोऱ्यावर टांगलेला किंवा फळकुटावर मांडलेला अंक तेथेच बसून वाचून परत करायचा. जुन्या अंकांवर आजही अशा भाड्याच्या वाचनालयांचे गोल शिक्के आढळतात. पारखी संग्राहक असा शिक्का असलेली प्रत नाकारतो. ग्रंथालयाने ती आधी घ्यावी, कारण अंक कोणत्या गावात कसा वाचला गेला याचा तो एकमेव लेखी पुरावा असतो.

दुर्मीळपणाचे गणित मोठे चमत्कारिक आहे. अमेरिकेत जून १९३८ च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. दहा सेंटच्या त्या अंकाची एक प्रत २०१४ मध्ये ३२ लाख डॉलरला विकली गेली. तो अंक महाग झाला, कारण मुलांनी तो वाचून फाडला, आयांनी तो फेकला आणि महायुद्धाच्या काळात कागद गोळा करण्याच्या मोहिमांत असे अंक लगद्यात गेले. याउलट, १९९२ च्या अखेरीस सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक निघाला, तेव्हा पुढे किंमत येईल या आशेने लोकांनी त्याच्या लाखो प्रती जपून ठेवल्या; सगळ्यांनीच जपल्यामुळे त्यांना किंमत आली नाही. सर्वांनी फेकलेला कागद दुर्मीळ होतो. मराठी ‘इंद्रजाल’ या न्यायाने केव्हाच दुर्मीळ व्हायला हवे होते आणि ते झालेही आहे. फरक एवढाच की इंग्रजी अंकांमागे हौशी संग्राहकांची फौज आहे, मराठी अंकांच्या वाट्याला ती त्या प्रमाणात आलेली नाही. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनांच्या प्रती कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील ग्रंथालयांत जमा होतात, हे खरे. पण देवासच्या मुलाला त्याचा काय उपयोग?

तेव्हा अल्प खर्चात असा संग्रह कसा उभारावा, हा प्रश्न ग्रंथालयापुढे आहे. संग्रह वाचनासाठी आहे की मिरवण्यासाठी, हे आधी ठरवावे. मिरवायचे असेल तर पहिला अंक हवा, कोरी प्रत हवी, आणि तेथे सामान्य ग्रंथालयाचा निभाव लागणार नाही. वाचनासाठी कोपरे दुमडलेली, नाव घातलेली, मुखपृष्ठावर शाई सांडलेली प्रतही चालते, आणि तशी प्रत बरीच स्वस्त पडते. मात्र पाने मोजून घ्यावीत. शब्दकोडी सोडवलेली असली तरी हरकत नाही. चित्र कापून वहीत चिकटवलेले असेल तर कथेचा धागाच तुटतो.

प्रत्येक मालिकेचा स्वभाव वेगळा, त्यामुळे खरेदीची रीतही वेगळी. ‘अमर चित्र कथे’चा अंक बहुधा स्वयंपूर्ण असतो आणि त्याची पुनर्मुद्रणे वारंवार झाली आहेत. जुन्या छपाईसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. इंग्रजी मालिकेची सुरुवात अकराव्या क्रमांकाच्या ‘कृष्ण’ या अंकापासून धरली जाते; पहिले दहा क्रमांक कन्नडमधील पाश्चात्त्य परीकथांचे होते, म्हणून ते शोधत हिंडू नये. ‘चांदोबा’चे उलट आहे. त्यात धारावाहिक कथा असत, सुटा अंक हाती आला की राजपुत्र गुहेच्या तोंडाशीच अडकून राहतो. म्हणून ‘चांदोबा’ वर्षाच्या गठ्ठ्याने घ्यावा, दोन-तीन अंक कमी असले तरी चालेल. ‘इंद्रजाल’ या दोहोंच्या मधले: काही कथा एका अंकात संपतात, काही दोन-तीन अंकांत पसरतात. १९८३ पासूनच्या अंकांवर एकेरी अनुक्रमाऐवजी वर्ष व अंक अशी नोंद येते, हे ध्यानात न घेतल्यास एकच अंक दोनदा विकत घेतला जातो. इंग्रजी मालिकेतील १२३ आणि १२४ हे क्रमांक संपामुळे निघालेच नाहीत, तेव्हा विक्रेता ते आहेत म्हणाला तर त्याला नमस्कार करावा. बालभारतीचे १९७१ पासूनचे ‘किशोर’ आता आंतरजालावर विनामूल्य वाचता येते. त्यावर खर्च करण्याची घाई नाही.

शोध घ्यावा तो आधी घरांतच. इंदूरच्या खजुरी बाजारात जुनी पुस्तके मिळतात आणि तेथे चक्कर टाकणे केव्हाही फायद्याचे. परंतु मराठी अंक मिळण्याचा अधिक संभव सभासदांच्या माळ्यांवर आहे. मुले नोकरीनिमित्त पुण्याला किंवा परदेशी गेली, जुने घर विकायला काढले, की ट्रंका उघडतात. त्या दिवशी ग्रंथालयाचा निरोप पोचलेला असेल तर गठ्ठा ग्रंथालयात येतो, नाहीतर तो रद्दीवाल्याच्या तराजूत जातो. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईच्या दिवसांत सभासदांना एक साधे पत्रक धाडावे. खर्च टपालाचा.

आलेला अंक टिकवणे हे खरेदीहून कठीण. वर्तमानपत्री कागद आपल्याच आम्लाने पिवळा पडतो व ठिसूळ होतो. मधल्या टाचण्या गंजून पाने खातात. टाचण्या काढून सुती दोऱ्याने टाका घालावा. चिकटपट्टी लावू नये, तिचा डाग पुढे कधी निघत नाही. वर्षाचा संच बांधून घेण्याची ग्रंथालयांची जुनी सवय येथे घातक ठरते: बांधणावळीत कडा छाटल्या जातात, मुखपृष्ठे आणि जाहिराती काढून टाकल्या जातात, आणि पुष्कळदा संशोधकाला हव्या असतात त्या जाहिरातीच. पुठ्ठ्याच्या पेटीत अंक सुटेच उभे ठेवावेत. माळव्याची कोरडी हवा कागदाला मानवते. पावसाळ्याचे चार महिने तेवढी कसर आणि वाळवी यांच्यावर नजर ठेवावी लागते.

धार आणि देवास यांच्यामध्ये इंदूर पडते, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी जायला रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर. दोन्हीकडच्या वाचकांनी आपापल्या अंकांची यादी मालिका, क्रमांक, वर्ष, पृष्ठे आणि कोणाकडून आला या पाच रकान्यांत करून परस्परांना पाठवली, तर दुबार प्रतींची अदलाबदल टपालखर्चात होऊ शकते. शेवटचा रकाना रिकामा सोडू नये. अंकाच्या पहिल्या पानावर बालहस्ताक्षरात लिहिलेले नाव तेथे जसेच्या तसे, अशुद्धासह, उतरवून घ्यावे.