'कसे' पासून 'काय' पर्यंत : रिलेशनल डेटाबेस शिकण्याचा इतिहास (थ्रेड)

१/
डेटाबेस शिकू लागलेला विद्यार्थी सर्वप्रथम 'सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर' ही त्रयी आत्मसात करतो. ही भाषा ज्यांना प्रोग्रामिंग येत नाही अशांसाठी घडवली गेली होती, हे मात्र त्याला क्वचितच सांगितले जाते. साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाचा, हा तिच्यामागचा खरा वाद. त्या वादाचा हा इतिहास.

२/
१९६० चे दशक. अपोलो मोहिमेतील यानाच्या असंख्य सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी आयबीएमने रॉकवेल आणि कॅटरपिलर यांच्या सहकार्याने 'आयएमएस' ही प्रणाली उभारली. तिची रचना वंशवृक्षासारखी होती : मुख्य भाग, त्याखाली उपभाग, त्याखाली त्याचे घटक. वरून खाली जाणाऱ्या प्रश्नाला उत्तर चटकन मिळे. उलट दिशेने विचारलेला प्रश्न मात्र जड जाई.

३/
जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाकमन यांनी दुसरा मार्ग काढला : नोंदींना दुव्यांनी जोडणारे जाळे. १९७३ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी प्रोग्रामरला नोंदींच्या विश्वातून मार्ग काढणाऱ्या नाविकाची उपमा दिली. उपमा सुंदर खरी. पण ज्याला वाट ठाऊक नाही, त्याने प्रश्न विचारायचा कसा?

४/
आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत एडगर कॉड हे गणिती काम करत होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक, नंतर ऑक्सफर्डचे पदवीधर. जून १९७० मध्ये त्यांचा प्रसिद्ध निबंध प्रकाशित झाला. सुटे भाग आणि प्रकल्प यांची एकच माहिती पाच निरनिराळ्या रचनांत मांडता येते, हे त्यांनी त्यात दाखवले. एका रचनेसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीत कोलमडतो, हे त्यांचे मुख्य दुखणे.

५/
त्यांचा उपाय : माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. येथे एक गैरसमज दूर करू. 'रिलेशनल' हे नाव तक्त्यांच्या आपसांतील नात्यांवरून आलेले नाही. संचसिद्धान्तात 'रिलेशन' ही एक गणिती संकल्पना आहे; प्रत्येक तक्ता स्वतःच एक रिलेशन असतो.

६/
फरक पाहा. 'हा भाग कोणते पुरवठादार देतात?' जुन्या पद्धतीत पहिली नोंद शोधा, दुवा धरून पुढे जा, तपासा, साखळी संपेपर्यंत हेच करा. नव्या पद्धतीत केवळ अट सांगा; वाट यंत्र शोधील. शिकणाऱ्याने 'कसे' सोडून 'काय' सांगायचे.

७/
विरोध झालाच. आयएमएस हे आयबीएमचेच विकले जाणारे उत्पादन होते. शिवाय यंत्राने निवडलेली वाट कुशल प्रोग्रामरइतकी वेगवान असेल, यावर अनेकांचा विश्वास नव्हता. १९७४ मध्ये मिशिगनमधील अ‍ॅन आर्बर येथे कॉड आणि बाकमन यांच्या पक्षांत जाहीर वादविवाद झडला.

८/
कॉड यांची स्वतःची चिन्हभाषा गणितज्ञांनाच पेलणारी होती. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी इंग्रजी शब्दांवर आधारलेली 'सीक्वेल' रचली. १९७४ च्या निबंधात त्यांनी आपले अपेक्षित वाचक स्पष्ट केले : लेखापाल, अभियंते, वास्तुविशारद, नगररचनाकार. बॉइस त्याच वर्षी अकाली निवर्तले. पुढे व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे नाव 'एसक्यूएल' झाले.

९/
फिलिस राइसनर यांनी ही भाषा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शिकवून तिची परीक्षा घेतली. त्यांत प्रोग्रामिंग येणारे होते, न येणारेही होते. 'स्क्वेअर' या चिन्हप्रधान भाषेपेक्षा 'सीक्वेल' ही न येणाऱ्यांना सोपी गेली. भाषा शिकता येते का, हे रचनाकारांनी गृहीत न धरता तपासून पाहिले, ही त्या काळात लक्षणीय गोष्ट.

१०/
वेगाच्या शंकेलाही उत्तर मिळाले. 'सिस्टम आर' प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी सर्वांत स्वस्त वाट निवडण्याची पद्धत १९७९ मध्ये मांडली. बर्कली विद्यापीठात 'इन्ग्रेस' उभी राहिली होती. १९७९ मध्येच ओरॅकल बाजारात आले, १९८३ मध्ये आयबीएमचे 'डीबी२'. कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये एसक्यूएल अमेरिकेची प्रमाणभाषा ठरली.

११/
मग स्वप्न पुरे झाले का? अर्धेच. एसक्यूएल प्रामुख्याने व्यावसायिक प्रोग्रामरांचेच साधन बनले. नाविकाची गरज संपली, तरी कोणते रकाने असावेत हे तक्ता आखणाराच ठरवतो. आणि जो रकाना आखलाच नाही, त्याविषयी कितीही सोप्या भाषेत विचारले तरी उत्तर येत नाही. म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांनो, प्रश्न विचारायला शिकताना तक्ता आखायलाही शिका. (समाप्त)