वचनाचें ओझें

सार्वजनिक कर्तव्याचा उपदेश करितांना धर्मग्रंथांतील वचन कशासाठीं घ्यावयाचें? आमचे कीर्तनकार अशा वचनास 'प्रमाण' म्हणतात. प्रमाण हा अलंकार नव्हे. तें श्रोत्यांस बांधतें, तसें वक्त्यासही बांधतें.

इ. स. १६३० मध्यें इंग्लंडांतील प्यूरिटन मंडळी मॅसॅच्युसेट्सला निघाली, तेव्हां त्यांचे गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप यांनीं एक प्रवचन रचिलें. ते धर्मोपदेशक नव्हते, कायदेपंडित होते. आपली चैन सोडून शेजाऱ्याची गरज भागवावी, हा त्यांचा विषय. त्यासाठीं त्यांनीं मीखा संदेष्ट्याचा उपदेश, येशूनें सांगितलेला डोंगरावरील नगराचा दृष्टान्त आणि वचनदत्त भूमीच्या सीमेवर मोशेनें केलेला निरवानिरवीचा उपदेश आधारास घेतला. डोंगरावरील नगर हें पुढें अमेरिकेच्या अभिमानाचें वाक्य झालें. मूळ प्रवचनांत मात्र तो इशारा आहे. ईश्वराशीं केलेला करार मोडला, तर सर्व जगासमोर आपलें हंसें होईल, असें विन्थ्रॉप बजावतात.

पण ती वचनदत्त भूमि रिकामी नव्हती. १६३७ सालीं तेथील पीक्वॉट लोकांचें गांव प्यूरिटनांनीं जाळलें. बायकामुलांसह शेंकडों माणसें मेलीं, आणि त्या कृत्यासही बायबलाचाच आधार दाखविण्यांत आला.

हीच बायबलाची भाषा आमच्या न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या मुखीं आली. १८९३ सालीं लाहोरच्या सामाजिक परिषदेंत त्यांनीं हा देश हीच खरी वचनदत्त भूमि व येथील लोक हेच ईश्वरानें निवडलेले लोक, अशी आपली श्रद्धा प्रकट केली. शब्द धोक्याचा खरा; परंतु रानड्यांस या भूमींतून कोणास हांकलावयाचें नव्हतें. त्यांची लढाई बालविवाह, जातिभेद, विधवांची दुर्दशा अशा घरच्याच शत्रूंशीं होती. नागपूर जिल्ह्यांतील नरखेड तालुक्यांतून वर्धा नदी ओलांडली कीं अमरावती जिल्हा लागतो. त्या अमरावतीस १८९७ सालीं परिषद भरली, तेव्हां पुनरुज्जीवनवाद्यांस त्यांनीं विचारलें, कोणत्या काळच्या रूढि परत आणावयाच्या? निवडलेपणाचा अर्थ गतवैभवाचा गर्व नव्हे, हें त्यांतून स्पष्ट होतें. १८९९ सालीं लखनौस त्यांनीं हिंदु व मुसलमान या दोघांच्या सहकार्यावांचून देशाची प्रगति नाहीं, असेंही सांगितलें.

तथापि वचनाचें ओझें रानड्यांसही चुकलें नाहीं. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असूनही १८७३ सालीं, प्रथम पत्नीच्या निधनानंतर, वडिलांच्या आग्रहास्तव त्यांनीं अकरा वर्षांच्या कुमारिकेशीं विवाह केला. लोकांनीं ठपका ठेविला, तो वाजवीच होता. विन्थ्रॉप यांस जगाच्या ज्या नजरेचें भय वाटत होतें, तीच नजर येथें एका सुधारकाच्या घरावर पडली. पण उपहासास भिऊन रानड्यांनीं सुधारणेचा उपदेश थांबविला नाहीं, आणि रमाबाईंच्या शिक्षणाचें काम घरच्यांचा विरोध सोसूनही चालविलें.

म्हणून व्यासपीठावरून पवित्र वचन ऐकूं आलें, कीं त्याच्या पाठची अट कोणती व ती कोणावर घातली आहे, हें श्रोत्यांनीं अवश्य पाहावें. वक्ता ती केवळ इतरांवर घालीत असेल, तर तें प्रमाण नव्हे.