निद्रा-श्वासरोध आणि सीपॅप उपचार : रुग्णाच्या जुळवून घेण्याचा इतिहास
(दवनीवाडा, जि. गोंदिया या परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

माणसाच्या आयुष्याचा जवळजवळ एक तृतीयांश काळ झोपेत जातो. तरीही झोपेतील आजारांना वैद्यकाच्या इतिहासात स्वतंत्र स्थान मिळण्यासाठी विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. ग्रामीण महाराष्ट्रात आजही घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण समजले जाते आणि घोरणाऱ्याची थट्टा कुंभकर्णाच्या नावाने केली जाते. गोंदिया तालुक्यातील दवनीवाडा हे धानपट्ट्यातील गाव. अशा गावी 'स्लीप ॲप्निया' म्हणजेच निद्रा-श्वासरोधाचे निदान घेऊन एखादा रुग्ण परतला, तर त्याच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. ज्याला घरात कोणी आजार मानत नाही, त्यासाठी रोज रात्री नाकावर मुखवटा का बांधावा, हा पहिला प्रश्न. आणि तो बांधून झोप कशी यावी, हा दुसरा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बराच काळ रुग्णाच्या स्वभावात शोधले गेले. यंत्र न वापरणारा रुग्ण निष्काळजी, असे गृहीत धरले गेले. हे गृहीतक उपचाराच्या इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आजाराची ओळख

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही व्यक्तींमध्ये त्यामुळे श्वासमार्ग अंशतः किंवा पूर्णपणे बंद होतो. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास पुन्हा सुरू होतो आणि हेच चक्र रात्रभर चालू राहते. किमान १० सेकंदांचा अडथळा एक घटना म्हणून मोजला जातो. तासाला ३० किंवा त्याहून अधिक घटना घडल्यास आजार तीव्र समजतात. रुग्णाला यातील काहीच आठवत नाही. दिवसा येणारी पेंग, सकाळची डोकेदुखी, चिडचिड आणि वाढलेला रक्तदाब एवढेच त्याच्या वाट्याला येते.

या लक्षणांची जाण प्राचीन भारतीय वैद्यकास होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलता आणि निद्रा यांचे विवेचन एकाच ठिकाणी आढळते. सुश्रुतसंहितेत स्थूल व्यक्तीच्या लक्षणांमध्ये क्षुद्रश्वास आणि अतिनिद्रा यांच्यासोबत 'क्रथन' हा शब्द येतो. झोपेत श्वास एकाएकी अडणे असा त्याचा अर्थ लावला जातो. मात्र लक्षणांची नोंद होणे वेगळे आणि त्यांमागील यंत्रणा उमगणे वेगळे. युरोपात १९६५ मध्ये फ्रान्समधील गास्तो व सहकारी आणि जर्मनीतील युंग व कुहलो यांनी झोपेतील श्वासाचे आलेख स्वतंत्रपणे नोंदवले, तेव्हा श्वास वारंवार थांबतो हे स्पष्ट झाले. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तियाँ गिलमिनो यांच्या संशोधनातून 'स्लीप ॲप्निया' ही संज्ञा रूढ झाली.

शस्त्रक्रियेकडून हवेच्या दाबाकडे

आजार उमगला, तरी उपचार कठोर होता. १९६९ मध्ये जर्मनीतील कुहलो व सहकाऱ्यांनी गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिका उघडण्याचा मार्ग अवलंबिला. त्याने श्वास मोकळा होई. परंतु गळ्यातील नळी आयुष्यभर सांभाळावी लागे. पुष्कळ रुग्ण ही शस्त्रक्रिया नाकारत.

अशाच एका नकारातून नवा उपचार जन्मास आला. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे जून १९८० मध्ये कॉलिन सलिव्हन यांच्याकडे आलेल्या एका रुग्णाने गळ्याच्या शस्त्रक्रियेस नकार दिला, मात्र एका रात्रीच्या प्रयोगास मान्यता दिली. सलिव्हन यांनी त्यापूर्वी कॅनडात कुत्र्यांच्या झोपेतील श्वसनाचा अभ्यास केला होता. नाकावाटे सतत दाबाची हवा सोडली, तर ती सैल पडलेल्या घशाला आतून टेकू देईल, अशी त्यांची कल्पना होती. रुग्णाचा श्वासमार्ग उघडा राहिला आणि त्याला गाढ झोप लागली. पाच रुग्णांवरील हे निष्कर्ष एप्रिल १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. 'सीपॅप' या नावाने ओळखला जाणारा उपचार तो हाच.

सुरुवातीच्या काळातील रुग्णांनी काय स्वीकारले, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. हवा देणारी यंत्रे अवजड व गोंगाट करणारी होती. नाकाच्या ठशावरून घडवलेला मुखवटा रोज रात्री सिलिकॉनने चेहऱ्यावर चिकटवावा लागे आणि सकाळी सोलून काढावा लागे. तरीही काही रुग्ण हे यंत्र घरी नेऊन नियमाने वापरत. थोडक्यात, गैरसोय असली की रुग्ण उपचार सोडतोच, असे हा आरंभीचा इतिहास सांगत नाही. दिवसाची पेंग नाहीशी झाल्याचा अनुभव एकदा आला की माणूस पुष्कळ सोसतो.

विश्वासाकडून मोजमापाकडे

१९८५ च्या सुमारास अशी यंत्रे बाजारात आली. रुग्णांची संख्या वाढली आणि त्यांच्या वापराविषयी शंकाही वाढल्या. १९९३ मध्ये अमेरिकेतील क्रिब्स व सहकाऱ्यांनी ३५ रुग्णांच्या यंत्रांत त्यांच्या नकळत वापराची नोंद ठेवणारी सोय बसवली. रोज यंत्र वापरतो असे बहुसंख्य रुग्ण सांगत होते. परंतु किमान ७० टक्के दिवशी किमान ४ तास वापर करणारे केवळ १६ जण, म्हणजे ४६ टक्के निघाले. '४ तास, ७० टक्के रात्री' ही मोजपट्टी पुढे जगभर रूढ झाली आणि अमेरिकेत तर विम्याचा लाभ तिच्याशी जोडला गेला.

या मोजपट्टीने रुग्णांची आज्ञाधारक आणि अवज्ञा करणारे अशी विभागणी केली. तथापि त्याच दशकातील अन्य संशोधनाने वेगळी दिशा दाखवली. टेरी वीव्हर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये निदर्शनास आणले, की नियमित आणि अनियमित वापर करणाऱ्यांच्या वाटा उपचाराच्या पहिल्या आठवड्यातच वेगळ्या होतात. म्हणजे पहिल्या काही रात्री निर्णायक ठरतात. कोरडा पडणारा घसा, मुखवट्याच्या कडेतून डोळ्यांवर येणारी हवा, नाकाच्या दांड्यावरचा वळ आणि जीव घुसमटण्याची भीती ही त्या रात्रींची कारणे होत. आणि त्यांतील बहुतेक दूर करता येण्याजोगी आहेत. हवेला ऊब व ओलावा देणारे उपकरण, हळूहळू वाढणारा दाब, वेगवेगळ्या मापांचे मुखवटे आणि दिवसा जागेपणी मुखवटा लावून बसण्याचा सराव हे उपाय क्रमाने पुढे आले. यंत्र माणसाला जसजसे जुळत गेले, तसतसे माणसालाही यंत्राशी जुळवून घेणे शक्य झाले.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' या चाचणीचाही येथे उल्लेख करावा लागेल. भारतासह सात देशांतील २,७१७ हृदय वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार असलेल्या रुग्णांवर ती झाली. सीपॅपमुळे हृदयविकाराचे झटके व पक्षाघात टळल्याचे तीत सिद्ध झाले नाही. मात्र दिवसाची पेंग कमी झाली आणि मनःस्थिती सुधारली. वापराची सरासरी रात्रीला केवळ ३.३ तास होती. रुग्णाला भीती घालून यंत्र वापरण्यास लावण्यापेक्षा त्याला प्रत्यक्ष जाणवणाऱ्या लाभाविषयी बोलणे अधिक प्रामाणिक ठरते, असा बोध यातून घेता येतो.

महाराष्ट्र आणि दवनीवाडा परिसर

महाराष्ट्रात या आजाराच्या व्याप्तीची महत्त्वाची नोंद मुंबईची आहे. डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयोगटातील शहरी पुरुषांचा अभ्यास करून २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. झोपेतील श्वसनदोषाचे प्रमाण १९.५ टक्के आणि दिवसा पेंग येण्यासह असलेल्या आजाराचे प्रमाण ७.५ टक्के आढळले. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांच्या निधनानंतर या आजाराचे नाव वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचले.

नाव पोहोचले, तरी उपचार पोहोचतोच असे नाही. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला आणि २०१६ मध्ये गोंदिया येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरीही निद्रा-चाचणी, यंत्राची निवड आणि दाबाची निश्चिती यांसाठी खेड्यातील रुग्णाची नजर प्रामुख्याने नागपूरकडे असते. यंत्र एकदा विकत घेऊन गावी आणता येते. पहिल्या आठवड्यात मुखवटा सैल की घट्ट हे पाहणारा जाणकार मात्र सोबत येत नाही.

यंत्रामागील गृहीतकेही शहरी आहेत. त्याला रात्रभर अखंड वीज लागते. २००० च्या दशकातील भारनियमन ग्रामीण महाराष्ट्र विसरलेला नाही. उन्हाळ्यात अंगणात बाजेवर झोपणाऱ्या आणि धानाच्या हंगामात रात्री-अपरात्री शेतावर जाणाऱ्या माणसाच्या दिनक्रमात भिंतीवरच्या प्लगशी जोडलेली नळी सहज बसत नाही. शिवाय २०२०-२१ च्या कोविड साथीने 'श्वासाचे यंत्र' या शब्दांना मरणाची छाया दिली. सीपॅप रुग्णाऐवजी श्वास घेत नाही, श्वास रुग्णच घेतो. यंत्र केवळ वाट उघडी ठेवते. हा भेद कोणी समजावून सांगितला नाही, तर घरातील वडीलधारी माणसे मुखवटा पाहून धास्तावणे स्वाभाविक आहे. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आतील ध्वनिरोधक फोम झिजण्याच्या धोक्यामुळे आपली लाखो यंत्रे जगभरातून परत मागवली. अशा वेळी यंत्र चालू ठेवावे की बंद करावे, हे विचारण्यासाठीही जवळ माणूस असावा लागतो.

निष्कर्ष

सीपॅपचा आरंभ एका रुग्णाच्या नकारातून झाला. तो नकार सलिव्हन यांनी अवज्ञा मानला असता, तर हा उपचार त्या वेळी जन्मासच आला नसता. पुढील चार दशकांचा अनुभवही असाच आहे. ज्या ज्या वेळी रुग्णाची तक्रार ऐकली गेली, त्या त्या वेळी यंत्र सुधारले आणि वापर वाढला. म्हणून दवनीवाड्यासारख्या गावात कपाटात पडून राहिलेले यंत्र हा केवळ रुग्णाच्या हलगर्जीपणाचा पुरावा ठरत नाही. पहिल्या आठवड्यातील एक भेट किंवा एक फोन, मुखवट्याचे योग्य माप, विजेची पर्यायी सोय आणि रुग्णासोबत त्याच्या जोडीदारालाही दिलेली माहिती या गोष्टी यंत्राच्या किमतीपेक्षा पुष्कळ स्वस्त आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांना एवढे प्रशिक्षण मिळाले, तर घोरण्याची थट्टा थांबून त्याची विचारपूस सुरू होईल, आणि उपचाराची खरी सुरुवात तेथूनच होते.