गिफ्ट मिळालेली लिक्युअरची बाटली घरी पडून आहे? कॉकटेलमध्ये टाकण्याआधी हे वाचा

रायगडच्या किनाऱ्यावर, मुरुडपासून जवळ आगरदांडा आहे. सागरी मार्गाने गोव्याहून मुंबईकडे येणाऱ्या गाड्या दिघीला फेरीबोटीत चढतात, राजपुरीची खाडी ओलांडतात आणि इथल्या जेट्टीवर उतरतात. डिकीत काजू, बेबिंका आणि बऱ्याचदा गोव्यातून स्वस्तात घेतलेली एखादी रंगीत बाटली असते. नाव फ्रेंच नाहीतर इटालियन, आणि आत नेमकं काय आहे ते कुणालाच धड माहीत नसतं. मग वीकेंडला होमस्टेच्या ओट्यावर प्रयोग सुरू होतात.

आधी कायद्याचं बोलू, कारण रिल्समध्ये तो भाग नेहमी गळतो. गोव्यातली दारू विनापरवाना महाराष्ट्रात आणणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. बाटली 'फक्त एकच' असली तरी फरक पडत नाही, आणि कारवाईत गाडीही जप्त होऊ शकते. परदेशातून विमानाने येणाऱ्या प्रवाशाला सीमाशुल्काशिवाय २ लिटरपर्यंत मद्य आणता येतं, पण ती सवलत वेगळी. शिवाय आपल्या राज्यात बिअर आणि वाइन सोडून बाकी मद्यासाठी वय २५ लागतं आणि पिण्याचा परवानाही लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. म्हणजे प्रयोग करायचाच असेल तर बाटली इथल्याच दुकानातून, बिलासकट घ्या.

लिकर आणि लिक्युअर एकच का?

नाही. लिकर म्हणजे कुठलीही कडक दारू. लिक्युअर म्हणजे कडक दारूत फळं, साली, मुळं, बिया किंवा कॉफीचा स्वाद उतरवून त्यात भरपूर साखर घातलेलं मद्य. युरोपीय संघाच्या नियमानुसार लिक्युअरमध्ये किमान १५ टक्के अल्कोहोल आणि साधारणपणे लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर हवी. नावाआधी 'क्रेम द' असेल तर साखर किमान २५० ग्रॅम. इथे हमखास फसगत होते. 'क्रेम द मांथ'मध्ये क्रीम नसतं, दुधाचा थेंबही नसतो. तिथे 'क्रेम'चा अर्थ फक्त दाट आणि गोड इतकाच.

आपली फेणी या गटात बसत नाही. काजूच्या बोंडांचा रस आंबवून, गाळून ती बनते. वरून साखर घालत नाहीत. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. फेणी हा कॉकटेलचा पाया होऊ शकतो, लिक्युअर हा त्यातला स्वाद आणि गोडवा.

लेबलवर काय बघायचं?

पहिला आकडा अल्कोहोलच्या टक्क्याचा. लिक्युअर 'हलकं' असतं हा समज तिथेच मोडतो. आयरिश क्रीमची बेलीज १७ टक्के असते, तर संत्र्याच्या सालीचा क्वान्त्रो ४० टक्के, म्हणजे जवळपास व्हिस्कीइतका. हिरवा शार्त्रूझ तर ५५ टक्के. तिन्ही गोड. जिभेला गोड लागलं की कडकपणा कळत नाही, खरी गोची तिथे आहे.

मग चव. एक चमचा नुसता, दुसरा बर्फावर, तिसरा साध्या पाण्यात. बाटलीतला स्वाद पाण्यात उलगडतो. आंबट-गोड फळ लागलं तर लिंबाबरोबर जमेल. कडवट मुळं-जडीबुटी लागली तर सोडा चांगला. पाणी घातल्यावर मद्य दुधाळ झालं तर घाबरू नका. बडीशेपेच्या वासाच्या मद्यांत तसं होतं, कारण त्यातलं सुगंधी तेल दारूत विरघळतं, पाण्यात नाही. सुक्यामेव्याची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र चमचाही चाखण्याआधी घटक वाचावेत.

कोकम घातलं तर?

कोकणात असल्यावर हा प्रश्न येणारच. उत्तर बाटलीवर अवलंबून आहे.

बेलीजसारख्या क्रीमच्या लिक्युअरमध्ये कोकम किंवा लिंबू घालू नका. आंबटपणामुळे दुधातलं केसिन फाटतं आणि ग्लासात पनीर तयार होतं. विषारी नाही, पण पिववतही नाही. अशा बाटलीला थंड कॉफी किंवा नुसता बर्फ बरा.

संत्र्याच्या किंवा फळांच्या लिक्युअरला कोकम मस्त लागतं, पण कुठलं कोकम? अमृत कोकमात आधीच ढीगभर साखर असते. त्यात लिक्युअरची साखर मिसळली की हातात खोकल्याचं औषध. आगळ घ्या. त्यात साखर नसते आणि मीठ असतं, त्यामुळे मार्गारिटासारखी ग्लासच्या कडेला मीठ लावायची उठाठेव वाचते.

प्रमाण असं: ४५ मिली पांढरी रम, २० मिली संत्र्याचं लिक्युअर, १० मिली लिंबाचा रस, ५ मिली आगळ. बर्फासकट झाकणाच्या काचेच्या बरणीत पंधरा सेकंद जोरात हलवा आणि गाळून घ्या. शेकर विकत घ्यायची गरज नाही, लोणच्याची जुनी बरणी चालते (वास गेलेला असेल तर). वेगळी साखर घालायची नाही. अनोळखी लिक्युअर वापरताना सगळ्यात जास्त चूक इथेच होते. ते दारू म्हणून मोजलं जातं, पण पाककृतीतली साखर कमी केली जात नाही. नवी बाटली असेल तर १० मिलीपासून सुरू करा. नंतर वाढवता येतं, काढता येत नाही.

एका ग्लासात किती दारू?

हिशोब सोपा आहे. मिली गुणिले टक्के, भागिले १००. भारतात बनलेल्या रमवर साधारण ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ४५ मिली रममध्ये १९ मिली शुद्ध अल्कोहोल, २० मिली क्वान्त्रोमध्ये ८ मिली. एकूण २७ मिली. ५ टक्क्यांच्या ६५० मिली बिअरच्या बाटलीत ३२.५ मिली असतं. म्हणजे असे दोन ग्लास झाले की दीड बाटलीहून जास्त बिअर पोटात गेली, तीही अर्ध्या तासात आणि सरबतासारखी. पाहुण्याला 'गोडच आहे, घ्या हो' म्हणणाऱ्याने हा आकडा आधी सांगायला हवा. वाहन चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलीला ३० मिलीग्रॅम आहे. त्या रात्री गाडीची किल्ली खिशात नकोच.

'घरगुती' म्हणून कुणी सुटी, बिनलेबलची दारू आणून दिली तर त्यात प्रयोग करू नका. मिथेनॉल चवीवरून किंवा वासावरून ओळखता येत नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं दगावली. घरी भट्टी लावून गाळणं तर बेकायदाही आहे.

उरलेल्या बाटलीचं काय? ३० टक्क्यांच्या वरचं, बिनदुधाचं लिक्युअर कपाटात बरेच महिने टिकतं, फक्त उन्हात ठेवू नका. क्रीमचं फ्रिजमध्ये ठेवा आणि लेबलवरची मुदत पाळा. प्रत्येक वेळी बाटलीचा गळा ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर साखरेने झाकण चिकटून बसतं. आणि किनाऱ्यावरच्या घरात मुंग्यांना बाटली सापडायला एक रात्र पुरते.