‘ग्रिफिन’ : एका थट्टेच्या शब्दाची हकीकत

मुलांच्या खेळांत सर्वांत धाकट्याला आपण ‘कच्चें लिंबू’ म्हणतों. तो बाद झाला तरी बाद धरावयाचा नाहीं, असा संकेत. श्रोतेहो, ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानींत या देशांतील इंग्रज मंडळीही आपल्या नवख्यांना असेंच एक नांव देत. तें ‘ग्रिफिन’, सलगीनें नुसतें ‘ग्रिफ’.

ग्रिफिन हा वस्तुतः पाश्चात्त्य पुराणांतील प्राणी. डोकें व पंख गरुडाचे, धड सिंहाचें. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेल्या शरभाचा दूरचा भाऊबंद म्हणा ना! तो नवख्याच्या माथीं कां बसला, याचा उलगडा ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ सालच्या कोशाचे कर्ते यूल व बर्नेल यांनाही झाला नाहीं. १७४६ ते १७४८ पर्यंत हिंदी समुद्रांत असलेला, फारसें यश न लाभलेला एक ॲडमिरल ग्रिफिन त्यांनीं पुढें केला. पण तोही प्रश्नचिन्हासह. आडनांवावरून शब्द उकलण्याची वाट सोपी असते, म्हणूनच मला ती संशयास्पद वाटते. शब्दाचा जुना दाखला त्यांस सांपडला तो मद्रासेंतील, १७९४ चा.

गलबतांतून उतरल्यापासून पहिलें वर्ष माणूस ग्रिफिन. त्याला भाषा कळत नसे, नाणें कळत नसे, ऊनही कळत नसे. वर्ष सरलें कीं तो शहाण्यांत जमा! या फजितीवर १८२८ सालीं ‘टॉम रॉ, द ग्रिफिन’ हें विनोदी काव्य निनांवी प्रसिद्ध झालें. तें चार्ल्स डॉयलीचें मानतात. १८४३ सालीं कॅप्टन बेल्यूनें ‘मेमॉयर्स ऑफ ए ग्रिफिन’ लिहिलें.

परंतु हें कच्चें लिंबू निरुपद्रवी नव्हतें. खेळांतल्या लिंबाच्या चुकीनें कोणाचा डाव बिघडत नाहीं. येथें रयतेची भाषा न येणारा पोर कचेरींत बसला, तर त्याच्या चुकीची किंमत रयतेनें मोजावयाची. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १७९६ सालीं हिंदुस्थानांत उतरला तेव्हां अवघा सोळा वर्षांचा होता. तोच १८११ सालीं पुण्याचा रेसिडेंट झाला आणि पेशवाईचा शेवट त्याच्या डोळ्यांदेखत झाला. तो फारसी शिकला, ग्रंथ वाचीत राहिला; सर्वच तसे नव्हते. म्हणून तर १८०० सालीं कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघालें, आणि १८०६ सालीं इंग्लंडांत तें कॉलेज, जें पुढें हेलीबरीस गेलें. ‘ग्रिफिन’ या शब्दाचा हिशेब मात्र ज्ञानाचा नव्हता, महिन्यांचा होता. बारा महिने भरले कीं अज्ञानही जुनें होई, व जुन्या अज्ञानास कोणी हसत नसे.

हा शब्द पुढें चीनच्या किनाऱ्यासही गेला. शांघायच्या शर्यतींत मंगोलियांतून नव्यानें आणलेल्या तट्टांना ग्रिफिन म्हणूं लागले. माणसांच्या बोलण्यांतून तो केव्हांच मावळला. हाँगकाँगच्या घोडदौडींत, अद्याप न धांवलेल्या घोड्यास मात्र आजही ग्रिफिनच म्हणतात.